पाकिटातलं नाव

३ फेब्रुवारी, रविवार

काहीतरी घोटाळा झालाय. नक्की.

चर्चमधल्या उपासनेनंतर आमच्या पाळकीणबाईंनी आमच्या भगिनी मंडळातल्या अकराही जणींच्या हातात एकेक बंद पाकीट दिलं. आत एक नाव. तीन आठवडे त्या बाईची काळजी घ्यायची — रोज नाव घेऊन प्रार्थना करायची, ती वेळेवर जेवते का, झोपते का, थोडं चालते का, ते पाहायचं. "नाव कुणाला सांगायचं नाही. नवऱ्याला नाही आणि मलाही नाही," असं बजावलं.

घरी येऊन पाकीट फोडलं. आत माझंच नाव! आता काय करू?

४ फेब्रुवारी, सोमवार

कामावरून, लॉन्ड्रीतून, पाळकीणबाईंना फोन केला. "बाई, माझ्या पाकिटात —" एवढंच म्हणाले, तर "अगं, गुपित आहे ते" म्हणून फोन ठेवून मोकळ्या! गडबडीत भरली असणार पाकिटं. म्हणजे बाकी दहा जणींना कुणीतरी आहे आणि मला मीच. हे मनाला लागलं.

६ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्तदाब पुन्हा वर.

"आई कितव्या वर्षी गेली?"

"बावन्नाव्या. अर्धांगवायूने."

"आणि तुम्ही?"

"एक्कावन्न."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक काहीतरी सोडा."

काय सोडू? लॉन्ड्री सोडून भागणार नाही. रविवारची मुलांची शाळा, गायनमंडळ, आजाऱ्यांच्या भेटी — ही तर प्रभूची कामं. ती टाकून झोपा काढायच्या? बरोबर की चूक, मला खरंच कळत नाही. भीती मात्र वाटते.

९ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी गुडघे टेकले. नाव घेऊन प्रार्थना केली — "प्रभू, तिला दोन घास बसून खायला मिळू देत. चादरींच्या घड्या घालता घालता नको." नाव माझंच, पण बोलत होते कुणा दुसऱ्याच बाईबद्दल. तिची इतकी कीव आली की रडू फुटलं. मग लाज वाटली. स्वतःसाठी रडणं प्रार्थनेत धरतात का?

११ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी लॉन्ड्रीत अंडं आणि पाव खाल्लं, स्टुलावर बसून. इस्त्रीवाली म्हणाली, "बरं नाही का गं तुला?"

१३ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या मंडळातली बेकरीवाली गायनाच्या सरावाला आली नाही. विचारलं तर म्हणे, "झोपले होते." चक्क! मंडळातलीच शिवणवाली रोज संध्याकाळी एकटीच तळ्याकाठी हिंडताना दिसते. आपापल्या पाकिटातल्या बाईची दोघींनाही काही पडलेली नाही.

लिहून टाकलं खरं. पण मी तरी कुणाची काळजी घेतेय?

१७ फेब्रुवारी, रविवार

हे म्हणाले, "हल्ली घोरतेस. ऐकून बरं वाटतं." रक्तदाबही थोडा उतरलाय. आनंद व्हायचा सोडून चोरी केल्यासारखं वाटतंय. दुसऱ्या कुणासाठी एवढं केलं असतं तर छाती फुगली असती माझी. मग इथेच काय बिघडतं?

२० फेब्रुवारी, बुधवार

मुलांची शाळा निवृत्त मास्तरांच्या हवाली केली. सकाळपासून जुळवलेले शब्द एका दमात बोलून टाकले. ते म्हणाले, "कधीपासून मनात होतं माझ्या. पण तुम्ही असताना कसं विचारायचं?"

चौदा वर्षं मी कुणाची तरी वाट अडवून बसले होते? आणि त्यालाच सेवा म्हणत होते? डोकं चालत नाही. दुपारी तासभर पडले. झोप मात्र छान लागली.

२३ फेब्रुवारी, शनिवार

उद्या सगळ्यांसमोर कळणार. अकरा जणींत एकटी मीच अशी, जिने तीन आठवडे स्वतःचे लाड केले. आजारी पडल्याचं सांगून घरी राहावं, तर तब्येत इतकी बरी की कुणाला पटायचं नाही!

२४ फेब्रुवारी, रविवार

पाळकीणबाई म्हणाल्या, "जिची काळजी घेतलीत, तिच्या शेजारी जाऊन बसा."

मी मान खाली घालून बसून राहिले. खुर्ची सरकल्याचा एकही आवाज येईना. हळूच वर पाहिलं. दहाही जणी माझ्यासारख्याच आपापल्या जागी बसून होत्या, आणि बेकरीवाली पदराने डोळे पुसत होती.