शिळेच्या जागची शांतता

नेरूळ, रविवार सकाळ

प्रिय क्षिप्रा,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, म्हणून कागदावर लिहितोय. कागदाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. तुझा अंधेरीचा पत्ता आईच्या डायरीतून तिला न विचारता उतरवून घेतला. तिने तुला शब्द दिलाय म्हणे, की फोनवर माझं नाव काढायचं नाही. ती तो इतका कसोशीने पाळते की परवा तुला सांगत होती, "घरातले एक जण बरे आहेत." मी समोर सोफ्यावर बसलो होतो.

आधी मला रागावून घेऊ दे. तेवीस दिवस झाले, माझा राग उतरायचं नाव घेत नाही. ही चाहते म्हणवणारी माणसं आहेत तरी कोण? ‘तडित’ सिनेमा लागला शुक्रवारी. शनिवार संध्याकाळपर्यंत त्यांनी तुझ्या संगीताची चिरफाड करून टाकली होती. कुणी उलटी टोपी घालून गाडीत बसून बोलतोय, कुणी स्वयंपाकघरात उभा राहून. एक जण म्हणाला, "भाई, म्युझिकने पूर्ण वाट लावली, माझं चाइल्डहूड रुइन केलं." अरे गाढवा, शिळेच्या एका सुराने तुझं बालपण मोडत असेल तर ते आधीपासूनच खिळखिळं असणार. दुसऱ्याने लिहिलं, "हिला कुठून पकडून आणली?" ह्याला मी तीन वेळा उत्तर टाइप केलं आणि तिन्ही वेळा तुझ्या आईने फोन हातातून काढून घेतला. दोन वर्षं तू त्या कामाला जुंपून घेतलं होतंस. गणपतीला घरी आलीस ती अर्ध्या दिवसासाठी, तीही कानाला हेडफोन लावून. आणि हे लोक पॉपकॉर्न खात खात निकाल देऊन मोकळे.

तिसऱ्या मजल्यावरचा निशांत, महापेला आयटीत आहे तो, मला म्हणाला, "काका, तुमी तडितची कॉमिक्स वाचली नाय ना, तुमाला नाय कळणार." म्हणून वाचली. त्याच्याकडचे एकोणचाळीस अंक मी आठवड्यात संपवले. अंगात वीज शिरलेला एक वायरमन, निळा डगला घालून लोकांना वाचवत फिरतो. तो येण्याआधी दर वेळी शीळ वाजते. वाजते म्हणजे काय, तर चौकटीच्या कोपऱ्यात वाकड्यातिकड्या अक्षरांत ‘ट्वीऽऽ ट्विट् ट्वीऽऽ’ असं छापलेलं असतं. झालं! कागदावरची शीळ. तीस-पस्तीस वर्षं ज्याने त्याने ती आपापल्या मनात हवी तशी वाजवली. तू त्यातली एक खरोखर वाजवलीस आणि बाकीचे सगळे खवळले. ह्यात तुझी काय चूक, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. मी निशांतला म्हटलं, तुझ्या मनात कशी होती ती वाजवून दाखव. त्याने ओठांचा चंबू केला, माझ्या मते नुसतीच हवा सोडली, आणि म्हणाला, "नाय काका, ती अशी बाहेर येत नाय." मग माझ्या पोरीने ती कशी बाहेर आणावी अशी तुमची अपेक्षा होती?

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू एकदाही पूर्ण ऐकून घेतलं नाहीस.

सोमवारी सकाळी मी ठरवलं, की आपलीही माणसं आहेत. श्रमसाफल्य सोसायटीत चौऱ्याऐंशी घरं आहेत आणि त्यातल्या निम्म्यांनी तुला फ्रॉकमध्ये पाहिलंय. प्रत्येकाने त्या रिव्ह्यूच्या साइटवर पाच तारे आणि चार चांगली वाक्यं टाकली तर कुणाचं काय बिघडणार होतं? कुणाला मराठीत चार वाक्यं जमत नाहीत, म्हणून मजकूर मीच लिहून दिला. नेमकी त्याच दिवशी टाकी सफाईची सूचनाही काढायची होती. मी एकाच दिवशी दोन सूचना कधी काढत नाही, लोक दुसरी वाचत नाहीत. तेव्हा दोन्ही एकत्र पाठवल्या आणि खाली लिहिलं, वरील मजकूर टाकावा. वरील म्हणजे कुठपर्यंत, हे सांगायला हवं होतं, मान्य. पण अकरा वर्षं सचिव म्हणून मीच ह्या लोकांच्या कानीकपाळी ओरडतोय, की सूचना पुढे पाठवताना जशीच्या तशी पाठवा, मनाने एक अक्षर बदलू नका. मागे लिफ्टच्या सूचनेत कुणीतरी तारीख बदलली होती आणि पाटणकर आजी पाच मजले चढून गेल्या, तेव्हापासूनचा हा नियम. त्यांनी तो पाळला. आयुष्यात पहिल्यांदा सोसायटीने माझी सूचना शंभर टक्के पाळली. एकाच दुपारी एकसष्ट जणांनी तुझ्या संगीताची तारीफ करून खाली लिहिलं, की गुरुवारी टाकी साफ करायची असल्याने सकाळी दहा ते दुपारी चार पाणी बंद राहील, सभासदांनी सहकार्य करावं, आपला दिलीप, सचिव.

पुढचं तू माझ्यापेक्षा जास्त भोगलंस. मंगळवारी सकाळी मासे घेऊन केशरबाई दारात आली आणि पाटी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "सायेब, तुमचे टाकीचा पानी बंद हाय ता आमचे नातवाला पन कलला. मोबाईलवर आलाय." तडितच्या निळ्या डगल्यात माझा फोटो चिकटवून कुणीतरी हातात बादली दिली. तडितकडे वीज आहे पण पाणी नाही, असे विनोद दिवसभर फिरत होते. पत्र्यासारख्या जाड कातडीचा माणूस मी, मला त्याचं फार वाटलं नाही. पण तुझ्या नावापुढे "बाबांची परी" असं लिहायला लागले तेव्हा मी फोन उलटा करून ठेवला. जेवलो नाही त्या दिवशी. तुला मदत करायला गेलो आणि तुझ्या दोन वर्षांच्या कामाचा तमाशा करून बसलो.

तू फोन केलास तो मंगळवारी संध्याकाळी. मला वाटलं, टाकीवरून ओरडशील. मी माफीची वाक्यं तयार ठेवली होती. तू टाकीचं नावही काढलं नाहीस. तू विचारलंस त्या एका वाक्याबद्दल. मी लिहिलं होतं, "शिळेच्या जागी क्षिप्राने ठेवलेली शांतता अंगावर काटा आणते." तू म्हणालीस, "कुठली शांतता, बाबा? सतरा वेळा शीळ आहे. सतरा! तुम्ही झोपला होतात, की गेलाच नव्हतात?" मी म्हटलं, गेलो होतो. तू म्हणालीस, "खोटं बोलू नका. सगळ्या जगाने माझ्यावर टीका केली, पण त्यांनी निदान ऐकलं तरी. तुम्ही न ऐकता कौतुक केलंत." आणि फोन ठेवलास. त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

क्षिप्रा, मी गेलो होतो. शनिवारी, वाशीला, तुझी आई आणि मी, ‘जी’ नंबरच्या रांगेत. एसीचा वारा थेट मानेवर येत होता म्हणून तिने पदर डोक्यावर घेतला होता. तुझं नाव आलं तेव्हा तिने माझ्या मनगटाला नखं रुतवली. ती खूण दोन दिवस होती. मध्यंतरात सामोसा खाल्ला, थंडगार. आणि तडित पहिल्यांदा येतो ते मी डोळ्यात तेल घालून पाहिलं. पुलावर गाड्या अडकलेल्या, सगळ्यांच्या माना वर, एका बाईच्या कडेवरचं पोर रडायचं थांबतं, आणि आवाज काही नाही. काहीच नाही. मी मनात म्हटलं, वा! एवढी गाजलेली शीळ, सगळं थिएटर तिची वाट बघतंय, आणि ह्या मुलीने तिथे चक्क गप्प राहायची हिंमत केली. मला खरंच काटा आला. मी ते वाक्य कौतुकापोटी रचलेलं नव्हतं. त्या अख्ख्या सूचनेत मनापासून लिहिलेलं तेवढंच एक होतं, आणि नेमकं त्याच्यावरूनच तू मला खोटारडा ठरवलंस. मी किती चिडलो असेन बघ. मला तर वाटलं, की चाहत्यांना घाबरून निर्मात्याने मागाहून शीळ घुसडली असणार आणि तू त्याचं खापर माझ्यावर फोडतेयस. तुझ्या आईला विचारलं, शीळ होती का गं? ती म्हणाली, "असं काय विचारताय?" आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मी विषय बदलला.

पुढच्या शनिवारी निशांतला घेऊन पुन्हा गेलो. आईला सांगितलं, बँकेत जातोय. निशांतला म्हटलं, तुला आवडो न आवडो, शीळ आली की मला कोपराने ढोस. तो हसला, पण तयार झाला. पूल आला, माना वर गेल्या, पोर गप्प झालं, आणि त्याने मला ढोसलं. मी कान टवकारून बसलो होतो. काही नव्हतं. पुढे गच्चीवर त्याने ढोसलं, बोगद्यात ढोसलं, शेवटच्या मारामारीत तर दोनदा. समोरच्या रांगेतली मुलं शीळ आली की हुर्यो करत होती. त्यांचा हुर्यो मला ऐकू येत होता, ढोल ऐकू येत होते, शेजारच्याचं वेफर्स खाणं ऐकू येत होतं. बाहेर पडताना निशांत म्हणाला, "काका, काय झालं? बरं नाय वाटत का?" मी म्हटलं, सामोसा बाधला.

हे पत्र मी माफी मागायला लिहीत नाहीये, माफी टाकीपुरती मागितली असं धर. कानाच्या डॉक्टरकडे एकटाच गेलो होतो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाले. मी बराच वेळ बटण धरून नुसता बसलो होतो. त्यांनी नंतर कागदावरची रेघ दाखवली, ती उजवीकडे जाऊन धाडकन खाली पडते. बोलणं बऱ्यापैकी कळतं, ढोल कळतो, पण वरच्या पट्टीतलं काही नाही, दोन्ही कानांनी. गेलं त्याला वीस वर्षं तरी झाली असतील म्हणाले. तुर्भ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं पत्रा ठोकायचा प्रेस चालवला मी. कानात घालायची बोंडं मिळायची, ती मी खिशात ठेवायचो, कारण डाय, म्हणजे साचा, बिघडायला लागली की ठोक्याचा आवाज बदलतो आणि तो ज्याला कळतो तोच खरा ऑपरेटर, अशी आमची ऐट होती. तुझ्या आईलाही हे अजून सांगितलेलं नाही, तुला पहिलं सांगतोय. डॉक्टरांनी सात दिवस वापरून बघायला मशीन दिलंय. काल ते घालून मी तिसऱ्यांदा गेलो, सकाळच्या खेळाला, आता तेवढा एकच उरलाय. सतरा नाहीत, अठरा आहेत, शेवटी नावं येताना एक बारीकशी आहे. पहिली फार सुरेख आहे, मी रडलो. बोगद्यातली मात्र जरा लांबलीय, तिथे त्या उलट्या टोपीवाल्याचं थोडं बरोबर आहे. तुला आठवतं, कॉलेजात असताना तू चाल केलीस की माझ्या कानाला हेडफोन लावायचीस आणि तोंडाकडे बघत बसायचीस? मला खालचा ठेका तेवढा कळायचा. मी त्यावर मान हलवायचो आणि "छान" म्हणायचो. तू म्हणायचीस, "बाबा, तुम्ही सगळ्यालाच छान म्हणता." नीट ऐकू येत नाही हे कबूल करायची लाज वाटायची, म्हणून म्हणायचो. तर क्षिप्रा, आजवरचे ते सगळे "छान" मी मागे घेतो. मशीन गुरुवारपर्यंत आहे, पुढे आवडलं तर ठेवून घेणार. त्या सगळ्या चाली घेऊन घरी ये आणि पहिलीपासून परत ऐकव. जी आवडणार नाही, ती आवडली नाही म्हणून तोंडावर सांगेन.

ऐकायला बसलेला, तुझाच
बाबा