कंट्रोलची काच

प्रिय हट्टी,

मायक्रोस्कोपवरून डोळे उचलून, "अरे, दिसलं!" म्हणत तू माझा हात घट्ट धरलास, त्या क्षणी माझं सगळं बदललं. वर्षभर त्या हाताची वाट बघत होतो गं. माझ्या दुसऱ्या हातात कंट्रोलची, म्हणजे पडताळणीची काच होती. ती तू बघितलीच नाहीस.

सरांनी हातापाया पडून मागवलेली ती अँटिबॉडीची चिमुकली बाटली. हार्मोनला धरून ठेवणारं, तू शोधत होतीस ते प्रथिन ऊतीत जिथे असेल तिथेच ती चिकटणार आणि तिथेच तपकिरी रंग उमटणार. कंट्रोलला अँटिबॉडी लावायचीच नाही, म्हणून ती नुसती निळी राहायला हवी. माझ्या हातातली तुझ्या काचेइतकीच तपकिरी होती. दोन्ही काचांना पेरॉक्साइड लावायची पायरी मी गाळली होती. ती गाळली की ऊतीतलं एन्झाइम आपलं आपणच रंग काढतं, हे तूच शिकवलं होतंस. पण त्या दुपारी तू शेजारी केस बांधत गुणगुणत होतीस. तू बघितलंस तो माझा गाढवपणा होता.

सांगणार होतो. तोंड उघडेपर्यंत तू आईला फोन लावलेला. मग मागच्या खेपेची निळीशार कंट्रोल काढली, पेन्सिलीची जुनी तारीख खोडून नवी घातली आणि तुझ्या ट्रेमध्ये सरकवली. संध्याकाळी सर म्हणाले, "इतकं तपकिरी? मला पटत नाही बाई. पुन्हा कर." मी भडकलो. "तुम्हाला हिचं चांगलं बघवत नाही, सर!" तू बाही ओढत होतीस, "गप ना रे तडतड्या." मी ॲप्रन फेकला, दार आपटलं, कॉलेजच सोडलं. सर बरोबर आहेत, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

नंतर ती निळी कंट्रोल बघून सरही नरमले म्हणे, पुन्हा करायला लावलं नाही. आणि तू सगळ्यांना सांगत फिरतेस, "माझ्यासाठी त्याने शिक्षण सोडलं." परवा तुझा मेसेज आला, "शुक्रवारी परीक्षकांसमोर त्या तपकिरी काचेचा फोटो दाखवणार. पहिल्या रांगेत बस, नाहीतर बघ." उद्या कुणी "करून दाखवा" म्हणालं, तर नाव तुझं जाईल.

म्हणून सकाळीच तुझ्या टेबलावर येऊन बसलोय. शिपाईमामांनी "काय जावईबापू, रुसवा गेला का?" म्हणत दार उघडून दिलं. खरी कंट्रोल या पत्राखाली आहे. फेकवली नाही माझ्याच्याने. बाटलीच्या तळाशी अजून थोडं आहे, दोन-तीन काचा होतील. या वेळी पेरॉक्साइड तू लाव. माझा हात पुन्हा धरू नकोस, पण उद्या तो फोटो लावू नकोस.

समोर सरांच्या खोलीत दिवा लागलाय. आधी त्यांना सांगतो, म्हणजे बोलणी मला बसतील. त्या दिवशी हे दार आपटून गेलो होतो. आज हळूच ओढून घेतोय.

तुझाच,
तडतड्या