डाव्या हाताची तुरपाई

निपाणी,
शिमगा झाल्यावरचा सोमवार

प्रिय जया,

पत्राबरोबर पिशवी आहे. तिला आधी हात लावू नको. आधी पत्र वाच, मग पिशवी सोड. तू लहानपणापासून सगळं उलटंच करतीस, म्हणून पहिल्या ओळीतच लिहून ठेवते. दुसरीतनं शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, तू अडखळशील. अडखळ. मी लिहिताना अडखळले, तुला वाचताना अडखळायला काय होतंय.

तुमच्या गल्लीतला भावकू तंबाखूच्या कामानं इकडं आला होता. चहा पुढं ठेवला, तर तो संपायच्या आधीच सांगून मोकळा झाला, की जयावैनीला पाचवा लागलाय आणि पहिलं बाळंतपण ती खानापुरातच सासूपाशी करणार, निपाणीला येणार न्हाय. मी बिड्या वळत होते. वळतच राहिले. तुझा आप्पा मागं शिलाईच्या मशीनपाशी बसला होता, त्यानंही ऐकलं. भावकूलाच अवघडलं बिचाऱ्याला, उरलेला चहा बशीत न ओतताच घटाघटा प्याला आणि जीभ भाजून घेतली. पाचवा लागल्याचं आईला दुसऱ्याच्या तोंडनं कळावं, ह्याचा मला राग आला. तो मी त्याच दिवशी शेजारच्या गुणाबाईवर काढला, तवा तू घाबरू नको.

तू का येत न्हाईस ते मला विचारायची गरज न्हाय. तुझ्या लग्नाच्या मांडवात मी तिथंच होते. निपाणीपासून बोरगावपर्यंतच्या बाया ज्याच्याकडनं खणाची चोळी शिवून घ्यायला थांबून राहायच्या, त्या मायाप्पा टेलरनं स्वतःच्या पोरीच्या लग्नाचा खण नेला आणि पिऊन शिवला. काठ खाली यायचा तो खांद्यावर गेला, एक बाही दंडात जाईना. तू गुणाबाईची ढगळी चोळी घालून, पाठीला पिना टोचून बोहल्यावर उभी राहिलीस. आप्पा मांडवाच्या मागं पडला होता. त्या दिवसापासनं तू त्याला आप्पा म्हणून हाक मारली न्हाईस. तुझा राग खरा आहे. तो सोड म्हणून मी हे लिहीत न्हाय.

आता इकडची खबर ऐक. गेल्या पावसाळ्यात आप्पाला कावीळ झाली, बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात टाकला होता, हे तुला कळवलं होतं. तू काय उलट कळवलं न्हाईस. ते असू दे. तिथनं आला तो नुसता सापळा. डाक्टर म्हणाले आता प्याला तर खलास. असं त्याला ह्याच्या आधी पण सांगून झालेलं, म्हणून मी काय पेढे वाटले न्हाईत. रोज संध्याकाळी दारात अडवायची आणि म्हणायची, तोंड उघडा. वास घ्यायची, मगच आत सोडायची. मग पुढं पुढं मी चुलीपाशी असले तरी हा माणूस स्वतःच येऊन माझ्या पुढं वाकायचा आणि दवाखान्यात करतात तसा “आ” करायचा. गुणाबाई एकदा बघून म्हणाली, “काय गं, ह्या वयात काय चाललंय तुमचं?” मी म्हटलं, “ये, तू पण वास घे, शेजारधर्म आहे.”

पण दारू सुटली म्हणजे हात आला असं न्हाय, हे मला माहीत नव्हतं. आप्पाला सुईत दोरा ओवता येईना. कात्री धरली की कापडावर कात्रीच नाचायची. मशीनवर उशीचे अभ्रे आणि गोणपाटाच्या पिशव्या तेवढ्या शिवायचा, कारण मशीन आपलं आपणच सरळ जातं. दिवसभर रिकामा हात मांडीवर घेऊन बसलेला माणूस घरात बघवत न्हाय गं. रिकामा हात कुठं जातो ते मला ठाऊक. म्हणून मी त्याच्या पुढं सूप सरकवलं. म्हटलं, वळा बिड्या. पान कापायचं, तंबाखू घालायचा, गुंडाळायचं, दोरा मारायचा, तोंड मुडपायचं. बापय माणूस बायांत बसून बिड्या वळतोय म्हणून गल्लीनं चार दिवस करमणूक करून घेतली. कारखान्यात बिडी तपासणाऱ्यानं त्याच्या बिड्या बघून मला विचारलं, “हे काय, घरात माकड पाळलंय का?” सगळा माल छाट म्हणून बाजूला काढला. मी म्हटलं, “माकडच आहे, पण आता झाडावर चढत न्हाय.” छाट कमी होत गेला. दिवाळीच्या सुमारास तपासणारा माझी बिडी कुठली आणि ह्याची कुठली ते ओळखेना, तवा आप्पानं सूप मला परत दिलं आणि सुई मागितली.

मध्ये एकदा घसरला. लपवत न्हाय. यल्लम्माच्या डोंगरावरनं आलेल्या लोकांबरोबर बसला आणि प्याला. पण त्या दिवशी आरडाओरडा न्हाय, शिव्या न्हाईत, आत पण आला न्हाय. उंबऱ्याच्या बाहेर चपलांपाशी बसला आणि म्हणाला, “आज तोंड बघू नको, वास हाय.” मी भाकरी बाहेर दिली. दुसऱ्या दिवशी परत सूप पुढं सरकवलं. त्याच्यावर आमचं बोलणं झालं न्हाय. आमच्यात बोलणं असं होतच न्हाय, भांडण होतं.

असंच एक भांडण मागच्या आठवड्यात झालं, ते तुला सांगायचं आहे. बोरगावच्या यात्रेत तंबूतला शिनेमा आला होता. गुणाबाई म्हणाली दारूड्याचा आहे, शेवटी सुटती, चल. मी म्हटलं, घरात फुकट बघितलाय. तरी गेलो, आप्पा पण आला. तंबूत मधोमध पडदा, शिनेमाच्या मशीनच्या बाजूला बापय आणि पडद्याच्या पलीकडं बाया. पडद्यावर पाणी मारून भिजवतात म्हणजे आमच्या बाजूनं पण झळझळीत दिसतं. सुरुवातीची नावं आम्हाला उलटी दिसली, पण मला सुलटी तरी कुठं पटकन वाचता येतात.

शिनेमातला हिरो बसला गुत्त्यात आणि ग्लास उचलला. डाव्या हातानं. जया, तुला आठवतंय, आप्पाला त्याच्या बापानं मारून मारून उजव्या हातानं जेवायला लावलं, पण बाकी सगळं डाव्यानं. कात्री डाव्यानं, सुई डाव्यानं आणि ग्लास पण डाव्यानं. गुणाबाईनं बघितलं आणि सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं ओरडली, “आगं, ह्यो तर तुझा मायाप्पा मास्तर!” बाया खो खो हसल्या. हिरो बायकोवर हात उगारायचा तो डावा, गटारात पडून उठायला हात टेकायचा तो डावा. गुणाबाईचं प्रत्येक वेळी चालूच, “मास्तर पडला, मास्तर उठला.” मी तिला कोपरानं ढोसलं. मग एक गाणं झालं आणि गाणं संपायच्या आत त्याची दारू सुटली. मला हसूच आलं. इथं आमचा पावसाळा गेला, हिवाळा गेला, तिथं पेटीवाल्यानं चार सूर काढले की माणूस सुधारला. शेवटी रुसून गेलेली पोरगी परत आली, ह्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. डावाच. गुणाबाईनं तवा शेंगांची पुडी माझ्याकडं सरकवली.

घरी येताना गाडीत मी आप्पाला म्हटलं, तुमच्यासारखा डावरा गडी कुठनं शोधून आणला असंल ह्यांनी? तर म्हणतो, “डावरा कुठला? उजव्या हातानं पीत हुता की.” मी म्हटलं, मी काय आंधळी आहे का? तो म्हणाला, मी पण न्हाय. झालं, जुंपली. गाडीतल्या बायका माझ्या बाजूनं, बापय त्याच्या बाजूनं. बापय म्हणायचे उजवा, बाया म्हणायच्या डावा. गाडीवान म्हणाला, बैल बुजतील, गप बसा. नाका येईपर्यंत हेच. मग आप्पा एकदम थांबला आणि आपल्या धोतराचा सोगा धरून उलटा केला. म्हणाला, “आगं, कापडाला दोन बाजू असत्यात. तुमी बाया उलट्या बाजूला बसल्यासा. मी सुलट बघितला, तुमी उलट.” साधी गोष्ट, पण कुणाच्या ध्यानात आली न्हाय.

मी हसले. तो न्हाय हसला. थोड्या वेळानं हळूच विचारलं, “मग शेवटी पोरीच्या डोक्यावर ठेवला, त्यो पण तुला डावाच दिसला?” मी म्हटलं, व्हय. घर आल्यावर उतरताना एवढंच म्हणाला, “शिनेमातली पोरगी आली.” मी म्हटलं, शिनेमातल्या पोरीला तीन तासांत यावंच लागतं, लोकांनी तिकीट काढलेलं असतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी भावकू आला होता. आणि भावकू गेल्यावर आप्पानं ट्रंकेच्या तळातला कोरा हिरवा खण काढला.

आता पिशवी सोड.

चोरचोळी आहे. पाचव्यात आईनं गुपचूप द्यायची असती, कानडी बाया कळ्ळ कुबसा म्हणतात तीच. सासूला दाखव, लपवू नको, चोर नावापुरता. आधी सुलट बाजूनं बघू नको. वरनं कुठलीही चोळी चांगली दिसती. तू उलट कर. आतनं बघ. मशीनवर शिवू का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाला. म्हणाला, “मशीन सरळच जातं, त्यात तिला काय कळायचं?” सगळी तुरपाई हातची आहे. टाके दुसऱ्या बाजूला कललेत बघ, तसे ह्या मुलखात दुसऱ्या कुणाचे पडत न्हाईत. बोट फिरव त्याच्यावरनं. एक जरी टाका थरथरलेला लागला, तर खुशाल खानापुरातच बाळंत हो, मीच गाठोडं घेऊन तिकडं येईन आणि परत हा विषय काढणार न्हाय. पुढं कधी पिणार न्हाय अशी हमी पण मी देत न्हाय. मी कुणाचीच देत न्हाय. मी फक्त आजचा टाका दाखवते.

डाव्या बगलेतली शिवण कच्ची आहे, नुसता धावता दोरा घातलाय. विसरला न्हाय. आता तुझं माप काय ते त्याला ठाऊक न्हाय आणि अंदाजानं बेतायचं न्हाय म्हणतो, एकदा बेतलं ते बास झालं. यायचं तुझ्या मनात नसलं तर तिथंच तू ती शिवून टाक, तुला शिवता येतं, त्यानंच शिकवलंय. त्याला मी सांगेन, तो ऐकेल. पण यायचं मनात असलं तर दोऱ्याला हात लावू नको, आहे तशी पिशवीत घालून तुझ्याबरोबर घेऊन ये. सातव्यात यष्टीनं ये, खिडकीपाशी बस, डोक्याला फडकं बांध. आप्पा स्टँडवर येणार न्हाय म्हणतो, लाज वाटती. मी म्हटलं, लाज वाटली तर वाटू दे, बोचकं कोण उचलणार, मी?

त्या शिवणीसाठी सुई त्यानं दोरा ओवून भिंतीला टोचून ठेवली आहे. ओवताना मी बघत होते. पहिल्याच खेपेला गेला.

तुझीच, तोंडाची फाटकी पण तुझीच,
आई