शेडपर्यंतची बारा पावलं

ब्रॅकनलॉ, काउंटी डरहॅम
बुधवार, ९ नोव्हेंबर १९९४

प्रिय हिल्डा,

तुझं घर माझ्यापासून चार गल्ल्यांवर, आणि तरी मी तिकीट लावून पत्र धाडतोय. दारात आलो तर तू दार उघडणार नाहीस, आणि उघडलंस तर माझ्या तोंडून हवापाण्यापलीकडे काही निघणार नाही. मी मला ओळखतो.

तर हवापाणी आधी. इथे थंडी पडली आहे. माझा उजवा गुडघा जिना चढताना शिव्या देतो. कोबी बरा आलाय, पण खाणार कोण? माझा पोरगा कीथ जामिनावर सुटल्यापासून माझ्याकडेच आहे, आणि तो ताटाकडे बघतसुद्धा नाही. सेप तुझा नवरा, पण त्याचं दुखणं तुला विचारायचा मला हक्क नाही, म्हणून विचारत नाही.

परवा कीथच्या वकीलबाई, मिसेस ऑर्ड, घरी आल्या होत्या. चहा घेता घेता त्यांनी मला कायदा समजावला. आपल्या पणजोबांच्या वेळचा, १८६१ सालचा कायदा अजून चालतो म्हणे. नुसता हात उगारला आणि समोरचा घाबरला, तरी गुन्हा. हात लागला की त्याहून पुढचा. सुजलं, ठेचलं की कलम सत्तेचाळीस. आणि हाड मोडलं, डोळा गेला, की मग वीस किंवा अठरा. त्या हिशेबाने तू सातव्या वर्षीच आत जायला हवी होतीस. शेगडीचा चिमटा फेकून माझी भुवई फोडलीस, खूण अजून आहे. आणि बाबा तुला सोडून मलाच म्हणाले, "तिच्या वाटेला गेलासच कशाला?"

हसू नको. पुढचं हसण्यासारखं नाही.

वीस आणि अठरा, दोन्हीत जखम तीच. मोडलेलं गालाचं हाड तेच, गेलेला डोळा तोच. फरक असतो तो मारणाऱ्याच्या डोक्यात. रागाच्या भरात हातात होतं ते फिरवलं, तर वीस. जास्तीत जास्त पाच वर्षं. ह्याला जबर इजा करायचीच, असं मनात धरून मारलं, तर अठरा. त्यात जन्मठेपेपर्यंत काहीही.

"आणि डोक्यात काय होतं ते कोर्टाला दिसणार कसं?" मी विचारलं.

"तो काय बोलला, त्याने काय केलं, त्यावरून. मिस्टर हेसलॉप, ते पाहणारे तुम्ही एकटेच. सेपना तर त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. तुमच्या जबाबावर सरकारी पक्ष कलम विसावर तयार झालाय. सोमवारी कीथ गुन्हा कबूल करेल. त्याच्या वाफ्यातली लीकची झाडं कापली गेली होती, तो भडकला होता, हेही न्यायाधीश लक्षात घेतील."

माझा जबाब तुला माहीत असेलच. कीथ खणत होता, फावडं हातातच होतं, चाकूने लीक कापून गेलेला सेप आला, दोन शब्द झाले आणि निमिषात फावडं फिरलं.

हिल्डा, फावडं हातात नव्हतं.

सगळं सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

खाण बंद झाल्यापासून कीथने त्या वाफ्याशिवाय काही पाहिलं नाही. पस्तिशीतला माणूस, बायको सोडून गेलेली, सकाळी उठून जायचं कुठे? तर लीकच्या वाफ्यावर. यंदाची लीक होतीही तशीच, कांद्याची पातच, पण माझ्या मनगटाहून जाड, दुधासारखी पांढरी. सप्टेंबरच्या प्रदर्शनात क्लबचा कप घरी येणार, असं जो तो म्हणत होता. मी तो कप अकरा वेळा आणलाय. खरं सांगू? मला हेवा वाटत होता. पोटच्या पोराचा हेवा. कप त्याने आणावा, पण लोकांनी म्हणावं, "शेवटी हात अर्नीचाच."

म्हणून त्या शुक्रवारी दुपारी, तो कामाच्या शोधात गावाबाहेर गेला असताना, मी माझं खत घातलं. बाबांचं जुनं खत, तुला वास आठवत असेल: काळी बिअर, साखर आणि मेंढीच्या लेंड्यांचं पाणी. आणि घातलं ते दुप्पट. दोन आठवडे कोरडे गेले होते, झाडं तहानलेली. त्यातच रात्रभर पाऊस लागला.

शनिवारी सकाळी सेप क्लबतर्फे शिक्के मारायला आला. दरवर्षी मारतो तसा प्रत्येक लीकवर शिक्का मारला, म्हणजे प्रदर्शनात कुणी बाहेरची आणून ठेवू नये. तेव्हा सगळं ठीक होतं. रविवारी दुपारी आम्ही वाफ्यावर गेलो तर सहाच्या सहा लीक उभ्या चिरलेल्या.

कीथला वाटलं, चाकू. कपासाठी दुसऱ्याची लीक कापणं गावात होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि वाफ्यात शेवटचा हात कुणाचा? सेपचा. मी मात्र वाकून पाहिलं आणि मला तिथल्या तिथे कळलं. चाकूची चीर सरळ आणि स्वच्छ असते. ह्या आतून फुटल्या होत्या, कडा फाटलेल्या. खादाड झाडाला जास्त पाजलं की असंच होतं. दहा वर्षांपूर्वी माझ्याच हातून झालं होतं.

मी सरळ झालो आणि काही बोललो नाही.

तेवढ्यात फाटकातून सेप आला. तू केलेला प्लम-पाय, फळं भरून भाजलेला, घेऊन आला होता, फडक्यात बांधलेला. "काय रे, मयताला आल्यासारखे उभे काय?" म्हणाला. कीथ त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. वळला आणि शेडकडे चालू लागला. बारा पावलं आहेत. गेल्या आठवड्यात मी ती मोजून आलो. बारा पावलं गेला, दार उघडलं, फावडं घेतलं आणि बारा पावलं परत आला. सेप बिचारा फडक्याची गाठ सोडत होता. कीथ म्हणाला, "ह्या डोळ्यांनी पुन्हा कुणाची लीक बघणार नाहीस." आणि मग मारलं.

म्हणजे अठरा. मिसेस ऑर्ड न सांगताही मला कळलं असतं.

त्या चोवीस पावलांत "अरे, मी केलंय" एवढे तीन शब्द मावले असते. ते निघाले नाहीत. गावात अकरा कप आणणारा अर्नी हेसलॉप पोराची झाडं पाजून पाजून फोडतो, हे कुणाला कळू नये म्हणून. फावडं बघून मला वाटलं, दम देईल, घाबरवेल. हे मी रोज स्वतःला सांगतो. एखाद्या दिवशी मला ते पटतं.

पुढे जबाब दिला तो पोरासाठी, असं म्हणायचो. थोडं खरंही आहे. पण त्या जबाबात सेपचा चाकू नसता, तर लीक कशी फुटली, हा प्रश्न माझ्यापाशी आला असता.

क्लबात काय चाललंय ते तुझ्या कानावर आलं असेल. शिक्केवाल्यांच्या यादीतून सेपचं नाव काढलं. "मिळालं त्याला त्याचं," म्हणतात. मी तिथे बसून माझी बिअर पितो. तू दार बंद केलंस ते बरंच केलंस.

काल बसथांब्यावर सेप दिसला. पायाने फूटपाथची कड चाचपत उभा होता. मी पलीकडे सटकणार होतो, पण त्याने उजवा डोळा बारीक करून पाहिलं. "कोण, अर्नी का?" मग माझी बाही धरली आणि हळूच म्हणाला, "अर्नी, खरं सांग रे. मला ते दोन दिवस आठवत नाहीत. हिल्डा म्हणते, तू असं करणार नाहीस. पण आता सगळंच गाव म्हणतंय. मी कापली का रे पोराची लीक?"

हिल्डा, त्याचा डोळा कीथने घेतला. पण त्याला स्वतःवरच संशय घ्यायला लावला तो मी. बस आली. मी "बघू, बघू" म्हणालो आणि चढलो. मला कुठे जायचंच नव्हतं.

आज सकाळी न्याहारीला बसलो असताना कीथला सगळं सांगितलं. खत, फाटलेल्या कडा, आणि मी पोलिसांत जाऊन जबाब बदलणार हेही. मला वाटलं, तो ओरडेल, ताट फेकेल. मी फेकलं असतं. तो बराच वेळ टोस्टचे तुकडे करत बसला.

"म्हणजे काकांनी हात लावलाच नव्हता," तो म्हणाला.

"नाही."

"आणि तुम्हाला माहीत होतं. मी शेडकडे जात होतो तेव्हाही."

"हो."

"बाबा, तुम्ही हाक मारायची होती."

"थांबला असतास?"

"माहीत नाही. आता कधीच माहीत होणार नाही ना मला." मग उठून माझा कोट आणून दिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा. मी बोलावणार नाही परत." कोट घालून बटणं माझी मीच लावली, तो पुढे आला नाही.

हे मी ठाण्यातून आल्यावर लिहितोय. नवा जबाब झाला, खाली सही केली. एक तरुण पोलीसबाई होत्या, सगळं दोनदा वाचून दाखवलं त्यांनी. फावडं, चोवीस पावलं, तो जे बोलला ते, आणि लीक कशा फुटल्या ते. आता कलम अठरा लागेल. मिसेस ऑर्ड फोनवर म्हणाल्या, खोट्या जबाबाबद्दल तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. होऊ दे. क्लबच्या फळ्यावर उद्या सकाळी कागद लावणार आहे, माझ्या सहीचा.

कीथला किती वर्षं होतील माहीत नाही. तो सुटेल तेव्हा मी असेन असं वाटत नाही. माझ्यासाठी कोर्टात येऊ नकोस. जमलं तर त्याच्यासाठी ये. त्याच्या बाजूने मागे बसायला त्याचं म्हणावं असं दुसरं कुणी नाही, आणि तुझ्याकडे हे मागणं किती निर्लज्ज आहे ते कळून मागतोय.

सेपला एवढंच वाचून दाखव: सेप, तू काही कापलं नाहीस. तू शिक्के मारलेस आणि दुसऱ्या दिवशी प्लम-पाय घेऊन आलास. त्या दोन दिवसांत तू एवढंच केलंस.

मिसेस ऑर्डना मी फोनवर एक शेवटचं विचारलं. मारणाऱ्याला कलम आहे, खोटं सांगणाऱ्याला आहे, नुसता हात उगारणाऱ्यालाही आहे. समोर होत असताना माहीत असून गप्प उभा राहिला, त्याला कुठलं? त्यांनी सांगितलं, तसं कलम नाही, मिस्टर हेसलॉप.

म्हणून तुला लिहिलं. तू ठरव.

तुझा भाऊ, अजून म्हणणार असलीस तर,
अर्नी