पहिली वेलांटी

ता. ४ मार्च

तीर्थरूप ताईस, शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बसथांब्यापासून गाव दोन तास चालत आहे. खोली स्वच्छ आहे. खाटेचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठा घातला. काम पुलाजवळच्या लाकडी फळ्याचं. बावन्न नावं पुसट झालीत, ती गडद करायची आणि तीन नवी लिहायची. गेलेल्या माणसांची आहेत, असं गावच्या कारभाऱ्यांनी सांगितलं.

इथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. सुताराला सुतार, घरमालकिणीला मावशी, मला पेंटर. फळ्यापाशी आले की माना फिरवतात. एरवी बघ्यांना हाकलावं लागतं, इथं ब्रश हातात घेतला की रस्ता ओस पडतो. दिवसभर बोलायला कुणी नाही.

एक राहिलं. डब्यावर तू चिकटवलेल्या चिठ्ठीत माझं नाव पुन्हा पहिल्या वेलांटीनं आहे. दुसरी हवी, ताई. वीस वर्षं सांगतोय.

चष्मा लावून शिवत जा. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा धाकटा


ता. १० मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, गुरुजी. सातवीत शाळा सुटली, पण तुझी वेलांटी काही सुटली नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी शर्टाच्या कॉलरमागं मी दोऱ्यानं तुझं नाव भरलं, तर पोरं चुकीचं म्हणून हसली आणी तू नाक पुसत घरी आलास. तो शर्ट अजून मशीनच्या खणात आहे. आता ते उसवून दुसरी वेलांटी घालते, म्हणजे तुझ्या जिवाला थंडावा. पाकिटावरही यापुढं चुकणार नाही, वचन.

माना फिरवणाऱ्या लोकांत फार राहू नकोस. आईबाबांमागं आपण दोघंच आहोत. तू नाहीस तरी सवयीनं ताटं दोनच वाढते.

लोभ आहेच, तो तुझ्यासारखं शुद्धलेखन बघत नाही.

तुझी ताई


ता. १५ मार्च

तीर्थरूप ताईस, शि. सा. न. वि. वि.

'आणि'ची वेलांटी पहिली. हसू नकोस, पुढचं नीट वाच.

काल फळा पुरा केला. खाली उजव्या कोपऱ्यात, सगळे पेंटर घालतात तसं, बारीक अक्षरात माझं नाव घातलं. सकाळी मावशींनी मला विचारलं, आपण कोण. मी थट्टा समजलो. मग त्यांनी कपाटातून लहान मुलीचे बूट काढले. गेले दहा दिवस त्या बुटांना कवटाळून त्या रडायच्या, मी भिंतीपलीकडून ऐकलंय. आज कोरड्या डोळ्यांनी म्हणाल्या, हे कुणाचे कळत नाही, तुमच्या घरी कुणाला होत असतील तर न्या. ताई, त्या मुलीचं नाव मीच लिहिलं, मावशींनी सांगितलं म्हणून.

तसाच कारभाऱ्यांकडे गेलो. तेही मला ओळखेनात. पण त्यांच्याकडे एक जुना कागद आहे, तो त्यांनी वाचून दाखवला. पूर्वी नदीनं अर्धं गाव नेलं. उरलेल्यांना जगवेना, म्हणून हा फळा उभा केला. त्यावर नाव शुद्ध लिहिलं की लिहिणारा सोडून सगळ्यांच्या आठवणीतून तो माणूस जातो आणि त्याच्याबरोबर दुःखही. काना-मात्रा चुकली तर काही होत नाही. म्हणून त्यांना माझ्यासारखा पेंटर हवा होता.

माझं नाव टर्पेंटाइननं पुसलं. लाकूड वाळलं की अक्षरं पुन्हा वर येतात. तीनदा पाहिलं.

मला वेड लागलं असेल तर बरंच. तू फक्त उलट टपाली दोन ओळी लिही. विसरू नकोस.

तुझा धाकटा


ता. २१ मार्च

स. न. वि. वि.

आपलं पत्र माझ्या पत्त्यावर आलं आहे, पण मला भाऊ नाही. तुमची ताई काळजीत असेल, म्हणून लगेच कळवते. मी शिवणकाम करते, एकटीच असते. पत्र वाचल्यापासून उगाचच काम सुचत नाही. पाठवणाऱ्याचं नाव होतं तसंच पाकिटावर उतरवलं आहे.

तुमचं माणूस तुम्हांला लवकर सापडो.

शिवणकाम करणारी


ता. २५ मार्च

तीर्थरूप ताईस (असं लिहिलेलं चालेल ना?), शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं नाव अगदी शुद्ध होतं. आयुष्यात पहिल्यांदा. बघूनच कळलं, तुम्ही मला विसरलात.

रात्रंदिवस एकच विचार करतोय. फळ्यावर दुसरी वेलांटी आहे. पहिल्या वेलांटीचा जो कुणी आहे, तो त्या फळ्यावर नाही. तो फक्त तुमच्याकडे आहे. तुमच्या मशीनच्या खणात एक लहान शर्ट असेल. त्याच्या कॉलरमागं तुम्हीच भरलेलं नाव आहे, ते आहे तसं वाचा. उसवणार म्हणाला होतात. उसवलं नसेल तर कृपा करून उसवू नका. वीस वर्षं मी चूक काढत आलो, चूक माझीच होती.

गाव सोडलं. बसथांब्याजवळच्या टपाल कचेरीत उत्तराची वाट बघतोय. गाड्या येतात, जातात. कुठलं तिकीट काढू ते कळत नाही.

लोभ असेल तर कळवावं.

धाकटा


ता. ३० मार्च

चि. धाकट्यास,

शर्ट सापडला. कॉलरमागचं नाव मी उसवायला घेतलेलं दिसतं. मग कुणासाठी ते आठवलं नसेल, सुई तशीच टोचलेली आहे. वेलांटी अर्धी निघाली आहे, पण पहिलीच, एवढं दिसतं. मी ते नाव वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना एक पोर नाक पुसत दारातून आत आलं आणी म्हणालं, सगळे हसतात.

तेवढंच आठवतं. ते पोर मोठं कसं झालं, त्याला मिशा आहेत की नाहीत, त्याचा आवाज कसा, काही नाही. तो तूच का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. पण शेजारीण म्हणते, मी रोज दोन ताटं वाढते आणी एक तसंच उचलून ठेवते.

निघालेले टाके मी पुन्हा घातले. वेलांटी होती तशीच केली. पाकिटावरही तशीच काढली आहे, सुधारू नकोस.

तिसरं वळण, हिरवं दार, घंटी बिघडलेली आहे. दार वाजव. मी कोण म्हणून विचारीन, त्याचा राग मानू नकोस. नाव सांगू नकोस. हे पत्र हातात घेऊन ये आणी माझी चूक काढ. मी ओळखेन.

लोभ आहेच. कुणावर, ते तू आल्यावर कळेल.

ताई