पुंजाजीकाकांच्या काडाचं वजन

आखाडा बाळापूर,
११ एप्रिल

आदरणीय भीमराजमामा,
भाची करुणाचा सविनय जयभीम. पंचफुलामामींचा गुडघा बरा असेल असं धरून चालते. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र. मी मजेत आहे. पीएचडी तेवढी अडकली आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. शेतातल्या आगी उपग्रहातून बघायच्या आणि किती काड जळालं ते सांगायचं. पण उपग्रहाचा आकडा खरा की खोटा, हे कळायला एखादं शेत जळण्याआधी जमिनीवर तोलावं लागतं. इथले पुंजाजीकाका गव्हाचं काड जाळणारच होते. ते सोमवारी दुपारी दीडला, उपग्रह डोक्यावर असताना जाळायचं, हे मी त्यांच्या ओसरीवर बसून (दोन तास, तीन चहा) कबूल करून घेतलं. मग तीन दिवस उन्हात मीटरभराच्या चौकटी टाकून काड तोललं. शेजारच्या प्रेमदासचा काटा आणला होता. सगळं वहीत बराबर उतरलं.

सोमवारी बघते तर सारं गाव बांधावर, तेही ठेवणीतल्या कपड्यांत. वरून फोटो निघणार, असं गावातल्या शकुबाईंनी गावभर केलं होतं. काका टोपी सरळ करून आभाळाकडे बघत होते (उपग्रह आठशे किलोमीटरवर असतो, पण हे त्यांना कोण सांगणार). पाण्याचे ड्रम, नांगरलेला पट्टा, सगळी तयारी होती. आग लागली, मी घड्याळ बघायला वळले, तेवढ्यात शकुबाईंनी तुराट्यांचा भारा आगीत टाकला. त्यांचं बघून प्रेमदासने कपाशीच्या पऱ्हाट्यांची अख्खी गाडी रिकामी केली. मी ओरडत धावले, तर काका मलाच समजावू लागले, "पोरी, तुझं काम हाय, कमी पडून कसं चालंल? आमी हाव ना." एवढी माया बघून शेवटी एक भारा मीही टाकला. नंतर बांधावर सगळ्यांनी भाकरी-ठेचा खाल्ला. खरं सांगते, विद्यापीठात इतका आनंद मला कधी झाला नाही.

उपग्रहाने आपलं काम चोख केलं. त्याचा आकडा माझ्या वहीच्या तिप्पट आला. सरांनी विचारलं, बाळापूरला गहू झाडाला लागतो काय? महिनाअखेर एक तरी शेत नीट मोजून दिलं नाही, तर प्रबंध वर्षभर मागे पडणार.

मामींना जयभीम सांगा.

तुमची,
करुणा

ता. क. : तुमचा ऊस गेला ना? औंढ्याच्या शेतात पाचट तसंच असेल, तर मी काटा घेऊन येते. पुढच्या गुरुवारी दुपारी दीडला अर्धा एकर जाळाल का? गेल्या वर्षी पाचट जाळलंत म्हणून मी आंबे संपेपर्यंत तुमच्याशी बोलले नव्हते. तो राग मागे घेते.

ता. क. २ : शकुबाईंचं नाव उगीच घेतलं. फोटोचं गावभर मीच सांगत सुटले होते. औंढ्यात कुणाला कळू देणार नव्हते, पण हे लिहितानाच मामींचा फोन आला आणि तोंडून गेलं. त्या साडी काढायला गेल्या आहेत. घरातल्या तुराट्या तेवढ्या तुम्ही लपवून ठेवा.