विनीताला परत आणायला गेलो त्याची हकीकत

नेपरव्हिल, अमेरिका, ऑक्टोबर १९८४

तीर्थस्वरूप मालिनीआक्का हिला धाकट्या प्रल्हादाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांतली दोन अंगं वजा धर.) तुझे गुडघे कसे आहेत? नागपुरात आता ऊन उतरलं असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत.

"मेडिकलची सीट सोडून गिटार वाजवते म्हणजे काय? कान धरून परत आण," असं तू मे महिन्यात लिहिलंस. उत्तराला उशीर झाला, कारण तोंड दाखवायला जागा नव्हती. आणायला मी गेलो होतो. आठ-नऊ तास गाडी हाकत नॅशव्हिलला गेलो, वाटेत भाषणाची तालीमही केली. पोरगी एका जुन्या तबेल्यात सापडली. त्याचा स्टुडिओ केलाय आणि तिथे तिची पहिली रेकॉर्ड चालली होती. गाणी तिचीच, चालीही तिच्याच. या कंट्री, म्हणजे इकडच्या गावरान संगीतात ट्रक, कुत्रा आणि सोडून गेलेली बायको एवढ्यावर माणसं जन्मभर गातात. (हसू नकोस. आपल्याकडे घागर, कन्हैया आणि सासू एवढ्यावर घराणी चालली.)

भाषण गाणं संपल्यावर करू म्हणून मी कोपऱ्यात बसलो. गाणारे-वाजवणारे सगळे एकाच खोलीत, आणि खोकायचीसुद्धा बंदी. पण आक्का, तुझ्या पेटीशेजारी लहानाचा मोठा झालेला माणूस मी! पोरीने एक सूर असा काही लावला की तोंडातून "वा!" निघून गेलं. टेप थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा त्याच जागेवर "वा!" काचेपलीकडे रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या अर्ल नावाच्या दाढीवाल्याने मला अदबीने गाडीत नेऊन बसवलं. (उन्हात. म्हशीलासुद्धा कुणी असं बसवत नाही.)

शेवटच्या गाण्याला विनीता स्वतः बोलवायला आली. म्हणाली, "कम इन, बाबा. पण प्लीज, नो वा!" मी तोंडावर रुमाल धरून बसलो. गाणं होतं एका माणसाचं. रोज सकाळी तो आधी बायकोच्या गाडीवरचा बर्फ खरवडतो, मग स्वतःच्या. प्रेमाचा शब्द कधी बोलत नाही. माझी माकडटोपीसुद्धा तिने गाण्यात घातलीय! मला वाटायचं, ही पोरगी सकाळी खिडकीत नुसतं कॉर्नफ्लेक्स खात उभी असते. शेवटची ओळ संपली आणि रुमालातून "वा" निघालंच, रडकं, घोगरं. अर्लने डोक्याला हात लावला. विनीता डोळे पुसत म्हणाली, "दॅट वन वी कीप. हे 'वा' राहू दे."

आता सांग, ज्याने "वा" म्हटलं त्याने "परत चल" कुठल्या तोंडाने म्हणायचं? भाषण तसंच घेऊन परत आलो.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
प्रल्हाद

ता. क. आमचा चिरंजीव विनय डिसेंबरात नागपूरला येतोय, त्याच्याबरोबर रेकॉर्ड पाठवतोय. ऐक आणि विनीताला दोन ओळी लिही. लहानपणी तू तिला सुट्टीत पेटीशी बसवलंस, ते ती विसरलेली नाही. "आत्या काय म्हणेल?" असं दर फोनला विचारते. बापाच्या दादेला किंमत नसते गं. अगदी शिव्या दिल्यास तरी चालेल, मात्र मराठीत दे. वाचून मीच दाखवणार आहे.

आणखी ता. क. कव्हरच्या मागे, गिटार-ड्रमवाल्यांच्या खाली बारीक अक्षरात छापलंय: "वा! : बाबा." चष्मा लावून बघ. आणि एवढं करूनही तिला परत आणायचंच असेल, तर या खेपेला भावोजींना पाठव. त्यांना कमी ऐकू येतं.